प्रयोगशाळेला जात नसते, नमुना घेणाऱ्याला असते

अत्याचाराची बातमी आली की आमच्या मोर्चात एक फलक हमखास असतो : आरोपींची नार्को करा. या फलकाबद्दल आम्हाला आमच्याच पोरांशी भांडायचे आहे.

हाथरस आठवा. 14 सप्टेंबर 2020 रोजी वाल्मीकी समाजातल्या 19 वर्षांच्या मुलीवर हल्ला झाला. बलात्काराच्या तपासणीचे नमुने घेतले गेले आठ दिवसांनी. असे नमुने 96 तासांच्या आत घ्यावेत, हे केंद्राच्याच मार्गदर्शक सूचनांत आहे. आग्र्याच्या प्रयोगशाळेने वीर्य आढळले नाही असे लिहिले आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने कॅमेऱ्यासमोर सांगून टाकले, बलात्कार झालाच नाही. मुळात कायद्याला बलात्कार सिद्ध करायला वीर्य लागतच नाही. प्रयोगशाळा खोटे बोलली नव्हती. तिच्यापर्यंत जे उशिरा पोहोचवले, त्याचेच उत्तर तिने दिले. मृतदेह तर पोलिसांनी रातोरात जाळलेला, मग दुसरे शवविच्छेदन कशाचे करणार?

आता नार्कोकडे या. त्याच प्रकरणात उत्तर प्रदेश सरकारने नार्को आणि पॉलिग्राफचा आदेश काढला तेव्हा आरोपी आणि पोलिसांबरोबर पीडितेच्या कुटुंबालाही त्यात ओढले! मुलगी गेली, अंत्यसंस्कारही हिरावला, वर तुम्ही खरे बोलता का हे यंत्राने तपासणार. कुटुंबाने नकार दिला, ते बरोबरच केले. सेल्वी विरुद्ध कर्नाटक या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही असे ठरवले आहे. संमतीने केली तरी तो निष्कर्ष स्वतः पुरावा ठरत नाही. आम्ही ज्याची मागणी करतो ते हत्यार उद्या कोणाच्या दंडात सुई खुपसणार, याचा विचार कोणी करायचा?

मानसशास्त्राची खरी गरज दुसऱ्याच जागी होती. बलात्काराचा स्पष्ट जबाब 22 सप्टेंबरला आला, पहिल्याच दिवशी का नाही, हा प्रश्न त्या मुलीच्या विरोधात गेला. मणक्याला इजा झालेली, गळा आवळलेला, समोर पोलीस ठाणे आणि आरोपी गावातले ठाकूर. अशा वेळी माणूस तुटक बोलतो, काही मागाहून सांगतो, हे मानसिक आघाताचा अभ्यास करणारा कोणीही सांगेल. सीबीआयने सामूहिक बलात्कार आणि खुनाचे आरोपपत्र ठेवले होते. मार्च 2023 मध्ये तिघे सुटले, एकाला सदोष मनुष्यवध आणि अॅट्रॉसिटीखाली शिक्षा झाली. बलात्कार सिद्ध झाला नाही.

हे उत्तर प्रदेशातच होते असे म्हणणाऱ्यांनी खैरलांजी विसरू नये. 29 सप्टेंबर 2006. भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली. पहिल्या शवविच्छेदनावर इतके आक्षेप आले की पुरलेले मृतदेह उकरून पुन्हा तपासावे लागले. तोवर शरीराने काय सांगायचे उरले होते? बलात्काराचा आरोप कोर्टात टिकला नाही, अॅट्रॉसिटीचे कलमही नाही.

टीव्हीवर सीआयडीतले डॉ. साळुंखे एका केसावरून खुनी सांगतात, म्हणून आमच्या पोरांना वाटते की विज्ञान आले की न्याय आपोआप येईल. पण तो केस उचलणारा हवालदार, पंचनाम्याला बसलेले पंच, अहवालावर सही करणारा डॉक्टर हे सगळे याच समाजातून येतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे, पण त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुभा दिली आहे. तोवर तो हवालदारच.

शवागाराबाहेर आम्ही पाहिले आहे, वीस कार्यकर्ते फेसबुक लाइव्ह करतात आणि आत काय लिहिले जाते ते वाचायला एकही जण नसतो. माहिती मिळाल्यापासून 24 तासांत पीडितेला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे ठाण्यात जाऊन लेखी मागा, पोच घ्या. कपडे धुऊ देऊ नका, वाळवून कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही. शवविच्छेदनाच्या चित्रीकरणाचा अर्ज आत नेण्याआधी द्या. पीडितेसाठी समुपदेशक मागा आणि तिच्या मनःस्थितीची नोंद सरकारी वकिलापर्यंत पोहोचवा.

पुढच्या वेळी फलक रंगवायला दहा जण बसले, तर त्यातले दोघे आधी रुग्णालयात पाठवा. एकीने पीडितेजवळ बसायचे, दुसऱ्याने नमुना किती वाजता घेतला, कोणी घेतला, सील कोणी लावले, हे वहीत लिहायचे.