यादी उतरवितांना अक्षरें कां बिघडतात ?

सोलापुरांतील एका जुन्या वाचनालयाची पुस्तकयादी, ग्रंथ देणगी देणाऱ्यांच्या नांवांसह, संगणकावरील डेटाबेसमध्यें उतरवितांना आम्हीं नुकतीच पाहिली. पहिल्या खेपेस 'सोलापूर' या शब्दाच्या जागीं माथ्यावर तिरपी रेघ घेतलेलीं रोमन अक्षरें व नाना चिन्हें उमटलीं. दुसऱ्या खेपेस नुसतीं प्रश्नचिन्हें! काम करणाऱ्या तरुणास वाटलें, फाईलच नासली. परंतु या दोन खेपांत मोठें अंतर आहे, तें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

मोडींतील दस्तऐवज केवळ बाळबोध जाणणाऱ्या नातवाच्या हातीं दिला, तर त्यास कांहींच उमगत नाहीं. त्यांत दस्तऐवजाचा काय दोष? संगणकाचेंही तसेंच. तो अक्षरें ठेवीत नाहीं, आंकडे ठेवतो. कोणत्या आंकड्याचें कोणतें अक्षर, हें संकेतानें ठरतें. युनिकोडच्या यूटीएफ-८ संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना-मात्रा निराळ्या धरून 'सोलापूर' या शब्दाचे २१ बाइट होतात. ते जुन्या रोमन संकेतानें सुटे वाचले, कीं २१ परकीं चिन्हें दिसतात. मूळ आंकडे मात्र शाबूत असतात. संकेत सुधारतांच शब्द परत येतो.

प्रश्नचिन्हांची गोष्ट निराळी. डेटाबेसचा तक्ता रोमन संकेताचा असला, तर त्यांत न मावणाऱ्या अक्षराऐवजीं पुष्कळदां प्रश्नचिन्हच लिहिलें जातें, आणि त्या तक्त्यांतून मूळ अक्षर कायमचें जातें. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्यें २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपूर्वीं असाच संकेत गृहीत धरलेला असे.

तिसरा प्रकार जुन्या मराठी फाइलींत आढळतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं श्री-लिपीसारख्या फाँटांत टंकलेल्या मजकुराच्या पोटीं बहुधा रोमन अक्षरांचेच आंकडे असतात. देवनागरी हा केवळ फाँटाचा पोशाख. येथें संकेत बदलून भागत नाहीं. त्या फाँटासाठींच केलेल्या परिवर्तकांतून मजकूर न्यावा, आणि जोडाक्षरें व रफार डोळ्यांनीं तपासावे.

म्हणून मूळ फाईलची प्रत आधीं निराळी ठेवावी. तिचा संकेत कोणता हें ठरवावें. फाईल वाचतांना, डेटाबेसशीं जोडणी करतांना व तक्ता आंखतांना तो नीट सांगावा. प्रथम दहाच ओळी उतरवून वाचाव्या. मायएसक्यूएलमध्यें 'यूटीएफ८एमबी४' हा पर्याय घ्यावा. कारण जुन्या 'यूटीएफ८' पर्यायांत एका चिन्हास ३ बाइटांपुरतीच जागा असते, आणि २०१४ सालीं युनिकोडमध्यें आलेल्या मोडी अक्षरांस ४ लागतात.

त्या वाचनालयाचे कित्येक देणगीदार आज हयात नाहींत. त्यांच्या औदार्याची खूण या यादींतच उरली आहे. सुदैवानें मूळ फाईल कोणीं पुसली नव्हती, म्हणून तीं नांवें परत मिळालीं. घरच्या वंशावळी व जमाखर्च संगणकांत उतरविणाऱ्यांनीं एवढें जपावें : नवी यादी वाचून पटल्याखेरीज जुनीस हात लावूं नये.