वाईतलं गोरखपूर आणि आपला बदला

अभिषेक चौबे यांचा ‘इश्किया’ २९ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. गोष्ट गोरखपूरकडची, पण चित्रीकरणासाठी ही मंडळी आली होती आपल्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत. ‘गंगाजल’ आणि ‘ओंकारा’मध्येही वाईनं असाच उत्तरेचा वेष घेतला होता. त्यामुळे पडद्यावर भोजपुरी ढंगाची हिंदी आणि डोळ्यांना मात्र ओळखीचे वाडे, ओळखीचे डोंगर. त्यात नायिकेचं नाव कृष्णा! आमची नदीच.

तेव्हा मी सांगलीत इंजिनिअरिंगला होतो. चार महिन्यांपूर्वी, सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या अफजलखानवधाच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली होती. ती सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोचली. संचारबंदीत रूमवर मॅगी खात बसलेलो आम्ही, बाहेरची अफवा कुठली आणि बातमी कुठली हेच कळत नव्हतं. जानेवारीत त्याच हिंदू रूममेटबरोबर ‘इश्किया’ पाहिला आणि पोट धरून हसलो.

हसलो कारण त्यातले दोन मुसलमान. नसीरुद्दीन शाहचा खालूजान आणि अर्शद वारसीचा बब्बन. दोघे भुरटे चोर. ना दहशतवादी, ना वतनावर जीव ओवाळणारे आदर्श चाचा. खालूजान जुन्या गाण्यांत रमणारा, म्हातारपणी प्रेमात पडणारा. बब्बन उतावळा, वाह्यात. आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात असे दोघे सापडतात. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं ओझं त्यांच्या डोक्यावर नाही, हीच मला तेव्हा मोठी गोष्ट वाटली.

पण सिनेमाचा खरा कणा आहे कृष्णेचा बदला. (पाहिला नसेल तर सावध, पुढे शेवट सांगतोय.) विद्या बालनच्या या कृष्णेला नवऱ्यानं मरणाचं नाटक करून वाऱ्यावर सोडलेलं असतं. त्याला बिळातून बाहेर काढायला ती या दोघांना भुलवते आणि एका व्यापाऱ्याच्या अपहरणात गुंतवते. अपहरणाचा बट्ट्याबोळ होतो, दोघे एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि शेवटी घराचाच स्फोट होतो. नवरा संपतो. कृष्णाही संपायच्या बेतात असते, पण ज्यांना तिनं फसवलं तेच दोघे तिला वाचवतात. आजूबाजूला जातीजातींच्या टोळ्या हत्यारं जमवताहेत, मिसरूडही न फुटलेला पोरगा बंदुकीशी खेळतोय. आपण हसतो खरे, पण त्या हसण्यात घशाशी काहीतरी अडकतं.

हा सिनेमा मला पुन्हा आठवला तो १० सप्टेंबर २०२३ नंतर. त्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह पोस्टचं निमित्त झालं. जमावानं मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. मी पुण्यात, दिवसभर सर्व्हर चालू आहेत की नाही हे बघणारा माणूस, आणि अम्मीला पाठवलेल्या मेसेजवर एकच टिक. नेट सुरू झालं तेव्हा मामेभावाचं स्टेटस दिसलं. एका सिनेमातला बदल्याचा डायलॉग, मागे ढोल. मी फोन करून म्हटलं, “काढ ते.” तो म्हणाला, “भाईजान, शांत राहायचं लेक्चर नेहमी आपल्यालाच का?”

त्याचा प्रश्न रास्त आहे. मार खाल्लेल्यालाच संयम शिकवायचा आणि मारणाऱ्याला काहीच विचारायचं नाही, हा ढोंगीपणा आहे. त्याला मी गांधीजींचं नाव सांगून गप्प बसवलं असतं तर ते चूकच ठरलं असतं.

पण त्याला ‘इश्किया’ दाखवावासा मात्र वाटला. कृष्णेच्या जगात पोलीस चौकी आहे की नाही याचा पत्ता लागत नाही. वकील नाही, साक्षीदार नाही. कायदाच नसलेल्या ठिकाणी बदला हाच न्याय वाटू लागतो, आणि तरी तो तिच्याच घराचा कोळसा करतो. आपल्याकडे कायदा लंगडत चालतो, कधी तोंडही फिरवतो. पण तो आहे. एफआयआर, पंचनामा, साक्ष, जामिनाला विरोध ही कंटाळवाणी कामं आहेत. त्यांच्यामागे ढोल वाजत नाही, त्यांचं स्टेटस होत नाही. शिवाय एका पोस्टवरून अख्खं गाव पेटतं हे आपण पाहिलंय. मग आपलं स्टेटस कुणाच्या हातात काडी देतंय, हे बघायला नको?

न्याय मागणं म्हणजे बदला घेणं नव्हे. बदला जमाव घेतो. न्यायात ज्यानं केलं त्याचं नाव घेऊन त्यालाच जाब विचारायचा असतो. जमावानं आपल्याला सरसकट एक धरलं, म्हणून आपणही समोरच्यांना सरसकट एक धरलं, तर मिरजेच्या संचारबंदीत माझ्याबरोबर मॅगी वाटून खाणारा तो रूममेटही शत्रूच ठरेल.

मामेभावानं स्टेटस काढलं, पण विचारलं, “मग करायचं काय?” मी म्हटलं, जे डोळ्यांनी पाहिलं असेल ते तारीख-वेळेसकट लिहून ठेव. साक्षीला बोलावलं तर जा, नोकरीचं कारण सांगू नकोस. एका चांगल्या वकिलाचा नंबर मोबाईलमध्ये ठेव. आणि रविवारी घरी ये, ‘इश्किया’ बघू.