आईच्या कुर्ल्या आणि डोमोइक अ‍ॅसिड

2015च्या दिवाळीला आई पहिल्यांदाच आमच्याकडे, सॅन फ्रान्सिस्कोजवळ, आली होती. आई वेंगुर्ल्याची. त्यामुळे लाडू-चकल्या ठीक, पण तिला खरी उत्सुकता इथल्या डंजनेस कुर्ल्यांची. मीच फोनवर बढाया मारल्या होत्या ना, एकेक कुर्ली अर्ध्या ताटाएवढी म्हणून! नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होतो. आणि नेमकं त्याच आठवड्यात सरकारने जाहीर केलं की कुर्ल्या खाऊ नका, डोमोइक अ‍ॅसिड सापडलंय, हंगाम पुढे ढकललाय.

आईने विचारलं, "उकडल्यार वीख खंय रवता गो?"

मला उत्तर माहीत नव्हतं. "सरकारने सांगितलंय" एवढंच म्हणाले. त्यावर आईने ज्या नजरेने बघितलं ते.. असो. मग मी वाचायला बसले.

हे विष तयार करतं सूडो-निट्झ्शिया नावाचं, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारं शेवाळ. त्या वर्षी पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा गरम होतं आणि कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत ते फोफावलं होतं. शिंपल्या आणि अँचोव्हीसारखे छोटे मासे पाणी गाळून खातात, त्याबरोबर विषही पोटात घेतात. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्यांना स्वतःला फारसं काही होत नाही. त्रास होतो तो त्यांना खाणाऱ्याला. मेंदूला वाटतं हे आपलं नेहमीचं ग्लुटामेट, आणि पेशी उत्तेजित होऊन होऊन मरतात, स्मरणशक्तीच्या भागातल्या तर जास्तच. 1987 साली कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिंपले खाऊन 100हून जास्त लोक आजारी पडले, काही वृद्ध दगावले, काहींची स्मृती कायमची गेली.

आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर: उकळून हे विष नष्ट होत नाही. कुर्लीच्या आतड्यांतून ते पाण्यात उतरतं, इतकंच. म्हणून इथले लोक सांगतात, कवचाखालचा पिवळा मगज फेका आणि उकळलेलं पाणीही ओता. आता मला सांगा, मालवणी माणसाच्या रस्स्यात दुसरं असतं काय?

मासे साफ करण्यावरूनही आठवलं. मांदेली आपण डोकं-पोट काढून खातो. अँचोव्हीत विष मुख्यतः पोटातच असतं, पण सी लायन अख्खा मासा गिळतो. 1998च्या मे-जूनमध्ये याच किनाऱ्यावर 400हून जास्त सी लायन मेले. मला सगळ्यात हादरवलं ते पुढच्या गोष्टीने. त्याच दिवसांत त्याच भागातले शिंपले तपासले तर त्यांत विष जवळजवळ नव्हतंच! ते अँचोव्हीतून आलं होतं. म्हणजे शिंपल्यांवर भरवसा ठेवून बसलो असतो तर सगळं आलबेल होतं. शिंपले हे विष काही दिवसांत-आठवड्यांत टाकून देतात, रेझर क्लॅम नावाची शिंपली मात्र महिनोन्‌महिने बाळगून असते. पाण्यातला बहर ओसरला तरी ताटातला ओसरला असं नाही.

म्हणून माझं मत, तज्ज्ञ नसले तरी ठाम: एकच प्राणी तपासून किनाऱ्याला 'सुरक्षित' म्हणू नये. कोण काय खातं हे बघून, प्रत्येक पायरीवर तपासावं. आणि बंदी घालायची तर पोट जाणाऱ्याचा विचार त्याच दिवशी व्हावा. इथे कुर्ल्या पकडणाऱ्यांचे सगळ्यात कमाईचे महिने गेले, आणि केंद्राने ती मत्स्य-आपत्ती जाहीर करायलाच 2017 उजाडलं. उद्या पुन्हा असं झालं तर कोण खुशीने जाळी वर काढेल?

मावश्या वाचत असतील तर म्हणतील, हे सगळं तुमच्या अमेरिकेत. नाही हो. 1981 साली तामिळनाडूत शिंपल्या खाऊन तिघे गेले. विष वेगळ्या शेवाळाचं, पण वाट तीच. दोन वर्षांनी मंगळूरजवळ पुन्हा तसंच. आता हैदराबादची इन्कॉइस उपग्रहांवरून शेवाळाच्या बहराची माहिती देते, चांगलंच आहे. पण उपग्रहाला रंग दिसतो, विष नाही. तिसऱ्यांच्या पाटीतली मूठभर तिसरी प्रयोगशाळेत जायला हवी, आणि निकाल पाटीवाल्या बाईपर्यंत यायला हवा, तिच्या बुडालेल्या दिवसाच्या पैशांसकट. सी लायन आणि डॉल्फिन तर 2023 ला आणि पुन्हा 2025 ला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळूत तडफडत होतेच.

त्या वर्षी हंगाम मार्चच्या शेवटी उघडला, आई जानेवारीतच परत गेली होती. पुढच्या खेपेला मात्र कुर्ल्या आणल्या. साफ करताना तिने पिवळा मगज बोटाने काढला, जरा वेळ तसाच धरून ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि कचऱ्यात टाकला. रस्सा मला आवडला. तिच्या मते पाणचट होता.