शिवणीतली माया

आज ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा त्या १७ वर्षांच्या होत्या. वाटेत अंगावर शेण-चिखल फेकला जाई, म्हणून शाळेत पोचल्यावर बदलायला दुसरे लुगडे त्या जवळ ठेवत, ही आठवण आज परभणी जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून सांगितली जाईल. सांगणारे ती धैर्याची गोष्ट म्हणून सांगतात, ती आहेच. पण त्यातल्या लुगड्याकडे जरा लुगडे म्हणूनही पाहावे. मळक्या वस्त्रात मुलींसमोर उभे राहायचे नाही, एवढी साधी अट एका तरुण शिक्षिकेने स्वतःला घातली होती. कामावर जाणाऱ्या बाईने आपल्या कपड्यांचा विचार करणे म्हणजे नटणे-मुरडणे, असे ज्यांना वाटते त्यांनी आज तरी ते दुसरे लुगडे आठवावे.

हा विषय काढायचे कारण घराघरात आहे. बाळंतपण, सासू-सासऱ्यांचे आजारपण, नवऱ्याची बदली यांपैकी कशाने तरी सुटलेली नोकरी चार-सहा वर्षांनी पुन्हा धरणाऱ्या बायका जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा अशा सगळीकडे दिसतात. कुणी खासगी शाळेत, कुणी दवाखान्यात, कुणी पतसंस्थेच्या काउंटरवर. रुजू व्हायच्या आदल्या रात्री कपाट उघडले की आतले चित्र साधारण सारखेच असते. वरच्या खणात डांबरगोळ्यांच्या वासासकट लग्नातला शालू. मधल्या खणात आहेराच्या साड्यांची चळत. त्यातल्या निम्म्या पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायच्या म्हणून घडीही न मोडलेल्या. खाली घरातले गाऊन. आणि कोपऱ्यात जुन्या नोकरीतल्या चार सुती साड्या, ज्यांचे ब्लाउज आता दंडातच अडतात. कपाट गच्च, आणि सोमवारी घालायला काही नाही.

अशा वेळी घरातून सल्ला तयार असतो : आधी वजन कमी कर, मग कपडे घे. नोकरी मात्र सोमवारी सुरू व्हायची असते. जे अंग दोन लेकरे आणि इतक्या वर्षांची रात्रीची जागरणे सोसून उभे आहे, त्याला मापाचा कपडा मिळण्यासाठी आणखी कसली परीक्षा द्यायला लावायची?

नियम करणाऱ्यांनी या बाबतीत हात आखडता घेतलेला नाही. राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० रोजी कर्मचाऱ्यांच्या पोशाखाचे परिपत्रक काढले. जीन्स, टी-शर्ट, स्लिपर बंद. शुक्रवारी शक्यतो खादी. पुढच्याच वर्षी जीन्सवरची बंदी मागे घ्यावी लागली. १५ मार्च २०२४ रोजी शिक्षकांसाठी वेगळा निर्णय आला : बाईंनी साडी किंवा ओढणीसह सलवार-कुर्ता, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको. काय घालू नये हे सगळ्यांनी सांगितले. जे घालायचे ते आणायचे कशातून, हे कुणी विचारले नाही. पहिला पगार महिनाभराने होतो. कंत्राटी असेल तर कधी होईल ते सांगता येत नाही. कपडे मात्र पहिल्या दिवशीच लागतात.

म्हणून हिशेब मांडू. समजा हाती तीन हजार रुपये आहेत. त्यातले हजार आधी शिंप्याच्या नावाने बाजूला ठेवावेत. कापडाचा विचार त्यानंतर. नवा कपडा घेतला की प्रश्न सुटतो, ही समजूत दुकानदाराच्या सोयीची आहे. अंगाला शोभतो तो बसलेला कपडा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर आली, मुंढा काचत नसला, टक्स जागच्या जागी पडले, तर स्वस्त सुती ब्लाउजसुद्धा बाईला उठाव देतो. खांदा उतरलेला असेल तर भारी रेशीमही उसने आणल्यासारखे दिसते.

आणि शिंप्याकडे नेण्यासारखे बरेच काही घरातच असते. चांगला शिंपी ब्लाउज शिवताना दोन्ही बगलांच्या आत बोट-दीड बोट कापड राखून ठेवतो, त्यावर एकीशेजारी एक दोन-तीन शिवणी मारतो. या राखलेल्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. दोन्ही बाजूंची एकेक शिवण उसवली की ब्लाउज सैल होतो. बोहारणीला द्यायला काढलेले चार ब्लाउज असे अर्ध्या तासात कामावर परत येतात, त्यांच्याबरोबर चार साड्याही. रेडिमेड कुर्तीत माया जेमतेम असते. ती घट्ट निघाली तर सैल करता येत नाही. सैल असेल तर बाजूने मारून घेता येते. खांदा मात्र सहज दुरुस्त होत नाही. म्हणून रेडिमेड घेताना खांदा पाहून घ्यावा, कंबर शिंप्यावर सोडावी.

उरलेल्या दोन हजारांत तीन कुर्ते, दोन सलवारी आणि दोन ओढण्या अशा निवडाव्यात, की कशावरही काही चालेल. त्यातून १२ जोड होतात. पाच दिवसांच्या आठवड्यात दोन आठवडे तोच जोड पुन्हा दिसत नाही. बाळ अंगावर पीत असेल तर कुर्त्याला पुढून चेन लावून घ्यावी. आहेरातल्या ज्या साड्या फिरवायच्या म्हणून ठेवल्या आहेत, त्यांतली एखादी साधी, बारीक काठाची साडी स्वतःसाठी अडवावी. नात्यात कुणी गरीब होणार नाही.

कापडाची निवड आपल्या हवेनेच करून ठेवली आहे. जानेवारीत इथला पारा कधी कधी एक आकडी होतो आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. एसटीत उभ्याने प्रवास करून येणाऱ्या बाईला पॉलिस्टर म्हणजे दिवसभराची शिक्षा. मानवत आणि सेलूच्या बाजारात याच दिवसांत कापसाच्या गाड्या लागतात, आणि आपल्याच पेठेत मात्र चकचकीत कृत्रिम धाग्याचे ढीग स्वस्त म्हणून खपतात. सुती कापड थोडे महाग पडेल, पण ते उन्हाळे काढते; शेवटी वाकळीतही जाते. घाई नसेल तर फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात फिरून भाव पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्केच जीएसटी आहे, हेही दुकानात लक्षात ठेवावे.

सगळा भार मात्र त्या एकटीवर टाकू नये. नोकरी देणाऱ्या संस्थेने गणवेशाची सक्ती केली तर त्याचे पैसे पहिल्या पगाराआधी द्यावेत, आणि शिवण्याचे काम गावातल्या बचत गटाला द्यावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे वस्त्रांचे शास्त्र शिकवले जाते. त्या ज्ञानाची एखादी कार्यशाळा तालुक्याला आली तर शिवणकाम करणाऱ्या बायकांचेही भले होईल. काही सोयी झाल्याही : मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आले. पण दुसरे लुगडे जवळ असून भागत नाही, ते बदलायला आडोसा लागतो. पावसात भिजून आलेल्या शिक्षिकेला कडी लागणारी एक खोली आणि एक आरसा आपल्या किती शाळांत मिळेल? आजची भाषणे ज्या सभागृहांत होतील, तिथल्या मुख्याध्यापकांनी एवढे तरी पाहून घ्यावे.

जुन्या ब्लाउजची शिवण उसवली की एक गंमत दिसते. बाहेरचा रंग धुऊन धुऊन विटलेला असतो. आत दुमडलेली माया मात्र नव्यासारखी गडद. म्हणून सैल केलेल्या ब्लाउजला दोन्ही बगलांखाली एकेक गडद पट्टी येते. काही बायका ती पदराखाली लपवतात. लपवू नये. कपडा शिवला तेव्हाच कुणीतरी धरले होते, की ही बाई बदलेल, वाढेल आणि हा पुन्हा घालेल. शिंप्याला जे सुचले, ते नोकरी देणाऱ्यांना आणि घरच्यांना सुचायला काय हरकत आहे?