डोक्याला पुन्हा मार, तरी मैदानात?

बुलढाणा : फुटबॉल असो की कबड्डी, डोक्याला मार लागला की तोंडावर पाणी मारायचं अन् गडी पुन्हा आत! गावाकडं याला जिगर म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्स्कीनं डोक्याला वारंवार मार लागल्यानं 2025 मध्ये, 27व्या वर्षीच क्रिकेट सोडलं. फुटबॉलच्या नियमांत 2024 पासून अशा वेळी जादा बदली खेळाडूची सोय आहे, पण स्पर्धेनं ती स्वीकारली तरच. तालुक्याच्या मैदानावर मात्र डॉक्टरच नसतो. निर्णय कॅप्टन घेतो, नाहीतर गर्दी. पहिला धक्का भरून निघायच्या आत दुसरा बसला, तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. स्कॅन नॉर्मल आला तरी धोका टळला, असं नाही. वारंवार असं झालेल्या पोरानं थांबलेलंच बरं. पण ‘खेळतो का?’ असं त्यालाच विचारलं, तर तो ‘हो’च म्हणणार. म्हणून आयोजकांनीच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्याला उतरवू नये.