स्टिअरिंग जड झाले? आधी कारण शोधा!



आमच्या वस्तीतील एक बांधव सफाई खात्यातून निवृत्त झाले. फंडाच्या पैशातून त्यांनी २०१० सालची जुनी मारुती ८०० घेतली. आजारी पत्नीला दवाखान्यात नेता यावे, एवढाच हेतू. पुढे गाडीचे स्टिअरिंग इतके जड झाले की वळण घेताना खांदे भरून येत. गॅरेजवाल्याने गाडी नीट न तपासताच सांगितले, “रॅक गेला, पूर्ण बदलावा लागेल.” आकडा ऐकून ते माझ्याकडे आले. “भाऊ, एवढ्यात पोरीची वर्षाची फी भरून होते. काय करू?”

मी मेकॅनिक नाही. पण कारण लिहिल्याशिवाय खर्चाचे व्हाउचर पास करू नये, एवढे कारकुनीने शिकवले आहे. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या एका धम्मबांधवाला आम्ही बोलावले.

त्यांनी आधी हवा पाहिली. पुढच्या दोन्ही चाकांत कमी होती. हवा कमी असली की टायर रस्त्यावर पसरतो आणि चाक वळवायला जोर लागतो. हवा भरल्यावर थोडा फरक पडला, पण जडपणा गेला नाही. मग पुढची चाके जॅकने उचलून, खाली भक्कम स्टँड लावून स्टिअरिंग फिरवले. चाके अधांतरी असताना ते हलके फिरले, तर दोष बहुधा हवेत, टायरच्या मापात किंवा अलाइनमेंटमध्ये असतो. तरीही जड राहिले, तर सांधे, बॉल जॉइंट किंवा रॅककडे पाहावे. येथे ते जडच होते. पायाजवळचा, स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा गंजून धरला होता. तो बदलला. रॅक शाबूत होता! खर्च रॅकच्या मानाने फारच थोडा आला.

पॉवर स्टिअरिंगची गाडी असेल तर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. तेलावर चालणारे असेल तर तेलाची पातळी, गळती व पट्ट्याचा ताण तपासावा. वळताना पट्टा किंचाळत असेल, तर तो सैल असण्याचा संभव असतो. विजेवर चालणारे असेल तर फ्यूज, बॅटरी आणि डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा पाहावा. रॅकवरचे रबरी बूट फाटले असेल तर लगेच बदलावे. त्यातून पाणी-चिखल आत गेला, की चांगला रॅकही खराब होतो.

एक कळकळीची विनंती. पेट्रोल वाचवण्यासाठी काही जण घाटउतारावर इंजिन बंद करतात. तसे कदापि करू नका. पॉवर स्टिअरिंग एकदम जड होते, ब्रेकची मदतही जाते. किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. चार पैशांसाठी घरची माणसे धोक्यात घालू नयेत. तसेच स्टिअरिंग एकाएकी जड झाले किंवा वळताना अडकू लागले, तर तपासणी होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका.

दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. आपण ते विहारात ऐकतो, पण गॅरेजमध्ये गेल्यावर मान डोलावून पैसे मोजतो. “कशावरून?” हा एक प्रश्न तेथेही विचारा. बदललेला जुना भाग मागून घ्या, पावती घ्या. त्या बांधवांच्या मुलीची फी वेळेवर भरली गेली, ती या एका प्रश्नामुळेच.

जयभीम!