राउटर भारी, वायर हलकी!

दुकानात इंटरनेट घेताना आपले व्यापारी बांधव दोनच प्रश्न विचारतात : महिन्याला पैसे किती आणि स्पीड किती? बाकी सर्व जोडणीला आलेल्या मुलावर सोडून मोकळे होतात. भिंतीवरून कोणती वायर गेली, राउटरच्या कोणत्या पोर्टमध्ये काय बसवले, हे कोणी वाकून पाहत नाही. माझ्या मते पैसा नेमका तेथेच वाया जातो.

माझेच उदाहरण सांगतो. दुकानात ३०० एमबीपीएसचे कनेक्शन घेतले होते, पण हिशेबाच्या संगणकावर आकडा ९५च्या वर कधी गेला नाही. चार महिने मी कंपनीशी फोनवर भांडत राहिलो. शेवटी ओळखीच्या एका कारागिराने वायरीचे टोक उघडून पाहिले. आठ तारांपैकी चारच जोडलेल्या, उरलेल्या चार कापून टाकलेल्या! १०० एमबीपीएससाठी दोन जोड्या, म्हणजे चार तारा, पुरतात. त्यावरच्या गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला चारही जोड्या लागतात. चार तारांवर काम चालते, दिवा लुकलुकत राहतो, म्हणून संशय येत नाही. दोन्ही टोके नव्याने बसवायला अर्धा तासही लागला नाही. चार महिन्यांचे जादा पैसे मात्र गेले ते गेलेच.

पोर्टचेही तसेच. खोक्यावर वायफायचा १२०० हा आकडा ठळक छापलेला असतो, पण कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट १००चेच असतात. गोदाम कितीही मोठे बांधा, गल्लीतून हातगाडीच येणार असेल तर माल तेवढाच येईल. राउटर घेताना 'पोर्ट गिगाबिट आहेत का?' हे स्पष्ट विचारावे.

सर्वांत मोठी फसवणूक वायरीत आहे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम, अशी वायर बाजारात सर्रास खपते. तिला सीसीए म्हणतात. अ‍ॅल्युमिनियममधून वीज तांब्याच्या साधारण ६० टक्केच वाहते. ज्या कॅमेऱ्यांना याच वायरीतून वीज पुरवली जाते, ते लांब अंतरावर रात्री बंद पडतात आणि वायर तापते ती वेगळीच. ओळखणे सोपे आहे. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर परत करा. शुद्ध तांब्याची कॅट ५ई वायरदेखील १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, त्यासाठी महागड्या प्रकाराची गरज नाही.

माळ्यावर दुसरा राउटर लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. पहिल्याची वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये घातली, तर दुसऱ्याचे डीएचसीपी बंद करावे लागते. नाहीतर दोघेही पत्ते वाटत बसतात आणि बिलाचा प्रिंटर ऐन गर्दीत गायब होतो.

लहान दुकानाला एवढे कशाला, असे काहीजण म्हणतील. बरोबर आहे. क्यूआरचे पैसे आणि जीएसटीची बिले यांना १०० एमबीपीएससुद्धा जास्तच होतात. मग ३००चे पैसे तरी का भरावेत? भरायचेच असतील, तर जोडणीवाल्याकडून बिलावर 'तांब्याची वायर, आठही तारा जोडलेल्या' असे लिहून घ्या आणि संगणकावर १ जीबीपीएसची जोडणी दिसल्याखेरीज त्याचे पैसे चुकते करू नका.